मार्थाबाई आणि थंड पाण्याचा गंज

मार्थाबाई बाळंतपणाला कुणाच्याही घरी गेल्या, की हातातली पेटी खाली ठेवण्याआधी खोलीत कोण कोण आहे ते बघायच्या. बाळंतिणीजवळ नुसती सासू असली तर म्हणायच्या, "आनखी एक बाई बोलवा. एक करनारी, एक धरनारी आन् एक बोलनारी, अशा तिघी लागतात मले." करणाऱ्या त्या स्वतः. बोलणारीचं काम एवढंच, की बाळंतिणीच्या उशाशी बसून गावगप्पा सांगायच्या. कोणाची म्हैस हरवली, कोणाचं लग्न मोडलं. आंबागडच्या बायकांना या कामाचं आमंत्रण दोनदा द्यावं लागत नसे. मला मात्र त्या तिघींच्या हट्टात काहीतरी काळंबेरं दिसायचं.

सांगूनच टाकतो, माझा स्वभाव संशयी. गावात माझं किराणा दुकान आणि बरोबर समोर नर्सबाईंची, म्हणजे मार्थाबाईंची, खोली. त्या आल्या तेव्हा आणीबाणी उठून जेमतेम वर्ष झालं होतं. नर्स म्हटलं की नसबंदी, एवढंच लोकांच्या डोक्यात. त्यात ही बाई ख्रिस्ती. भिंतीवर क्रूस. जेवायच्या आधी कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा हात फिरवणार आणि ओठातल्या ओठात पुटपुटणार. शिवाय एकटी म्हणून कधी जेवायची नाही. ताट वाढलं की दारात उभी राहून जी दिसेल तिला हाक, "ये वो माय, बस. दोन घास खा." दुकानात बसून मी म्हणायचो, दाणे टाकल्याबिगर पाखरू जाळ्यात येतं काय?

एकदा साबण घ्यायला आल्या तेव्हा मी विचारलंच, "नर्सबाई, तुमचे देव नक्की किती? एक का तीन?"

"एकच."

"मंग बाप, पुत्र आन् पवित्र आत्मा हे कोन?"

"तेच."

"हे बरं हाय! एक तं एक सांगा, नाई तं तीन सांगा."

त्या हसल्या. "भाऊ, मले बी पुरतं नाई समजत. पन मले सांगा, देव एकटाच अस्ता, तं जग नोहतं तवा त्यानं माया कोनावर केली अस्ती? देव बी एकटा राहत नाई, मंग बाईनं एकटीनं काहून सोसावं?"

साबण घेऊन त्या गेल्या आणि मी वजनकाट्याकडे बघत बसलो. आमचं पहिलं लेकरू जन्मतःच गेलं होतं. त्या दिवशी आई धानाच्या रोवणीला गेलेली, मी तुमसरला माल आणायला. घरात शांता, माझी बायको, एकटी. मार्थाबाई तेव्हा गावात नव्हत्या, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मला वाटलं, ही माहिती काढून मुद्दाम बोलली. असा मी!

पुढे खालच्या मोहल्ल्यात एक अशक्त लेकरू दोन तासांत गेलं आणि कुजबूज सुरू झाली, नर्सबाईनं त्याच्या कपाळाला पाणी लावलं आणि तोंडानं काही म्हटलं. डोक्यावर पाणी घालून, बाप, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत ख्रिस्ती लोक माणसाला आपल्यात घेतात, हे मी ऐकून होतो. तडक जाऊन जाब विचारला. त्या म्हणाल्या, "मळलं होतं कपाळ. पुसलं." खरं-खोटं त्यांचा तो एक देव जाणे, नाहीतर ते तिघं जाणोत.

अशात शांताला पुन्हा दिवस गेले. दुसरी नर्स आणायची कुठून? मी मार्थाबाईंना अट घातली, "पान्याले हात लावाचा नाई. लागन ते पानी मी देईन."

"द्या ना भाऊ. मले काय, दोन फेऱ्या वाचल्या," त्या म्हणाल्या.

ऐन दुपारी कळा सुरू झाल्या. धरायला माझी आई, बोलायला शेजारची गिरजाबाई, आणि मी दाराच्या चौकटीत, बाईंच्या हातांवर नजर ठेवून. मुलगी झाली. पण रडेना. निळी पडली. बाईंनी तिचं तोंड पुसलं, तळव्यांना टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं. मग ओरडल्या, "भाऊ, थंड पानी! ऊन पानी हाय इथं, थंड आना, लवकर!"

तेव्हा श्वास न घेणाऱ्या लेकराला ऊन पाण्यात आणि थंड पाण्यात आळीपाळीनं बुडवत. मला कुठलं ठाऊक! रांजणातून पाणी भरलेला पितळी गंज माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "थंड पानी कायले?"

"भाऊ, पोरगी जाऊन राहिली!"

तरी माझा पाय उचलेना. आज सांगताना जीभ जड होते, पण खरं ते खरं. माझी पोर मरत होती आणि मी तिचा धर्म राखत उभा होतो. शेवटी आई उठली. "सोड मुडद्या!" म्हणून तिनं गंज हिसकला, अर्धं पाणी माझ्या पायांवर सांडलं. उरलेल्यात बाईंनी पोरगी बुडवली, मग ऊन पाण्यात, परत थंड पाण्यात. त्यांचे ओठ हलत होते, तेवढं मी तेव्हाही टिपलं. आणि पोरगी रडली. अशी रडली की गिरजाबाईची बडबड बंद पडली.

मला वाटलं, आता माझी गावभर छी थू होणार. बाईंनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. त्यानं तर मी आणखीच धास्तावलो. ही गप्प का? ओठात काय म्हणाली? न्हाऊमाखू घातलेल्या पोरीचं कपाळ मी कितीदा तरी न्याहाळून पाहिलं. पोरगी मात्र चालायला लागल्यापासून त्यांच्याच ताटात जेवायची.

ती दुसरीत असताना बाईंची बदली झाली. त्यांची ट्रंक मी एस.टी.पर्यंत नेली. टपावर चढवून खाली उतरलो आणि सात वर्षं घशात अडकलेलं विचारलं, "बाई, खरं सांगा. त्या दिवशी पोरीवर तुमच्या देवाचं नाव घेतलं ना?"

"नाव घेतलं. पोरीसाठी नाई."

"मंग?"

"पोरीजवळ आमी तिघी होतो ना," खिडकीतून त्या म्हणाल्या. "दारात तुमीच एकटे उभे होते, भाऊ. तुमच्यासाठी घेतलं."