हातभर सैल दोरी

मुरुमच्या सिद्धाराम सरांनी डॉक्टरेट मिळवली ती बसून राहण्याच्या दुष्परिणामांवर, आणि ती लिहायला सर सात वर्षं खुर्चीतून उठले नाहीत. एके काळी खो-खोत पाठलाग करणाऱ्यांना रडकुंडीला आणणारा हा माणूस, प्रबंध पुरा झाला तेव्हा कठडा धरून जिना चढू लागला होता. विद्यापीठानं निष्कर्ष लगेच मान्य केले. पुरावा समोरच धापा टाकत उभा होता.

वय पंचेचाळीस. त्यातली चौदा वर्षं एकाच कॉलेजात तासिकेवर, म्हणजे नेमणूक दर वर्षी नवी आणि कामं तीच. मिरवणुकीची रांग लावणं, पाहुणे आले की लेझीम उभी करणं, हे सगळं प्रेमापोटी. कायम व्हायचं तर शोधनिबंध हवेत म्हणून सरांनी अकरा लिहिले. पोरी सरावाला बोलवायला आल्या की सर आतूनच ओरडत, "तुमी पळा गं, मी पळण्यावरच लिहायलोय!"

अखेर कायमची जागा निघाली. सरांचे निबंध पुरेसे भरले, गुणही भरले. एकच क्षुल्लक अट उरली: शारीरिक शिक्षणाच्या उमेदवाराला पळता यायला हवं. सरांच्या वयाला बारा मिनिटांत बाराशे मीटर. बाजाराला उशीर झालेली बाई एवढं अंतर दोन पिशव्या घेऊन तोडते, पण तिला प्रबंध लिहायचा नसतो.

चाचणी सरांच्याच कॉलेजच्या मैदानावर ठरली. आदल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "सर, ट्रॅक तेवढा आखून घ्या. अन् दोनशे मीटर बरोबर असल्याचं लिहून द्या." उमेदवारानंच मैदान आखावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तासिकेवरच्या माणसाला उमेदवार म्हणून धरतंय कोण?

सरांची बायको नीलम्मा डबा घेऊन आली होती. दोरी धरून वळण आखणाऱ्या नवऱ्याला ती हळूच म्हणाली, "अवं, दोरी जरा आखूड धरा की. कोण मोजायलंय?"

"उद्या लोक म्हणतील, सरानं सोतासाठी चोरी केली."

आणि तसं कुणी म्हणू नये म्हणून सरांनी दोरी उलट हातभर सैल सोडली. फक्कीची पांढरीशुभ्र रेघ मारली आणि 'दोनशे मीटर, अचूक' असं लिहून झोकात सही ठोकली.

सकाळी सर आधी पळाले, मग चालले, मग गुडघा दाबत चालले. सहाव्या चकरेत शिट्टी वाजली तेव्हा शेवटची रेघ पंधरा मीटरवर होती. सर नापास झाले.

सगळे पांगल्यावर त्यांनी टेप लावली. चक्कर जवळजवळ तीन मीटर जास्त भरली. सहा चकरांचे सतरा. म्हणजे माणूस पास होता, वर दोन मीटर पुढंच गेला होता.

सर धावतच प्राचार्यांकडं गेले. त्या दिवशीची त्यांची सगळ्यात जोरदार धाव तीच. "साहेब, ट्रॅक मोठा भरलाय!"

प्राचार्यांनी शांतपणे कागद पुढं केला. "असं कसं होईल? हे बघा की, तज्ज्ञाची सही हाय. बरं, त्या रेघा तेवढ्या पुसून टाका. संध्याकाळी मंडप पडणाराय."

सर खराटा घेऊन मैदानात उतरले. नीलम्मानं दुसरा खराटा उचलला. निम्मी चक्कर तिनं झाडून काढली. मग म्हणाली, "रेघ मात्र लई चोख मारलीती तुमी."