मूठभर कमी

"मोजून बघितलं का?"

आमच्या बाईंना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न हाच. एखादं पोरगं धापा टाकत येऊन म्हणालं, "बाई, लई मोठा साप व्हता!" तर बाई हातातला खडू खाली ठेवून विचारणार, "किती मोठा? मोजून बघितलं का?" आता साप काय मोजून घ्यायला थांबणार आहे? पण बाई सुतळीचं बंडल त्याच्या हातात देत, तो आठवून आठवून सुतळी तोडे आणि पट्टी लावेपर्यंत पाच हातांचा साप दीड हातावर येई.

मंचरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमची दोनशिक्षकी शाळा होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. माझ्या वर्गात पाढे चालत आणि बाईंच्या वर्गात पसारा. व्हरांड्याच्या वाशाला त्यांनी पोरांकडून तराजू करून टांगला होता. आडवी काठी आणि दोन टोकांना दोन टोपल्या. वजन म्हणून एक दगड. गावातल्या मारवाडी शेठचं किलोचं वजन मधल्या सुट्टीत मागून आणायचं, दगड त्याच्याशी ताडायचा आणि जास्त भरला की फरशीवर घासायचा, असं पंधरा दिवस चाललं होतं. शेवटी शेठच म्हणाले, "बाई, माझ्या वजनापेक्षा तुमचा दगड खरा निघायचा."

मग काय, पोरं दिसेल ते तोलू लागली. कांदे, चपला, दप्तरं, एकदा तर माझा डबा. "गुरुजींचं जेवण सव्वा किलो," असं फळ्यावर लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

मी पडलो नियमाचा माणूस. शाळेचा हजेरीपट माझ्याकडे. प्रार्थना संपली की मी हजेरी घेणार आणि त्यानंतर येईल तो गैरहजर. ठाकरवाडीच्या तीन मुली रोज उशिरा यायच्या, म्हणून रोज गैरहजर. त्या वर्षांत महिन्याची हजेरी भरेल त्या मुलाला शाळेतून तीन किलो तांदूळ मिळायचा. या तिघींना तो कधीच मिळत नसे.

बाई एकदा म्हणाल्या, "गुरुजी, वाडी लांब आहे. थोडं सांभाळून घ्या."

"कसली लांब? वीस मिनिटांची वाट."

"मोजून बघितलं का?"

मी हसलो. तुम्हीही हसला असता. वर, "हजेरीपटात खोटं लिहिणार नाही," असंही मी ठणकावून सांगितलं. बाई पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

तांदूळ वाटायचं काम बाईंचं. तेलाचा पत्र्याचा एक जुना डबा होता, त्याचं एक माप म्हणजे एक किलो. साठ मुलं हक्काची, प्रत्येकाला तीन मापं. त्या दिवशी वाटप चालू असताना चौथीतल्या एका मुलीनं आपलं एक माप सरळ टोपलीत ओतलं आणि दुसऱ्या टोपलीत दगड ठेवला.

दगडाची टोपली खाली गेली.

"बाई, कमी भरतंय."

मी तिथंच उभा होतो. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, त्या आता पोरीला दटावतील, दगडाला दोष देतील. त्या म्हणाल्या, "परत मोज." तिनं परत मोजलं. मग एक मूठ तांदूळ वरून टाकला, तेव्हा काठी सरळ झाली. पोरीला रडू फुटलं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस कशाला? बरोबर मोजलंस. लिही फळ्यावर, मूठभर कमी."

दुपारपर्यंत गाव शाळेत जमला. "बाई, पोरांच्या तोंडातला घास कुठं ग्येला, ते सांगा," कुणीतरी ओरडलं. बाई एवढंच बोलल्या, "पोरीनं बरोबर मोजलंय. माप मीच कमी भरत होते."

मला धक्काच बसला. ज्या बाईनं अख्ख्या शाळेला मोजायला शिकवलं, तिनंच माप मारावं? तक्रार वर गेली आणि आठवडाभरात बाईंची बदली झाली, पार डोंगराकडच्या शाळेवर. निघताना त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या, "येते, गुरुजी," म्हणाल्या. मी पाढे म्हणून घेत होतो. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात तांदूळ मी वाटला. तराजूवर, दगड लावून, काटेकोर तीन किलो. सगळी मुलं गेली, तरी ठाकरवाडीच्या तिघी पिशव्या घेऊन दाराशी उभ्याच.

"तुमची हजेरी भरत नाही गं," मी म्हणालो.

"ठावं हाय," थोरली म्हणाली. "पण बाई समद्यांचं झाल्यावर आमाला द्यायच्या. त्यांनी मुठी बाजूला ठेवल्याल्या असायच्या."

मी मनाशी हिशेब मांडला. साठ मुलं, प्रत्येकाच्या तीन मुठी. तीन पोरींना पुरेल, एवढंच. गावासमोर हे सांगितलं असतं, तर हजेरी कुणी कापली हेही निघालं असतं. आणि मी त्या बाईला चोर समजून बसलो होतो! आजही आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ठाकरवाडीवर गेलो आणि तिघींबरोबर शाळेकडे निघालो. बाईंनी शिकवलं होतं तशी थोरली पावलं मोजत होती. मीही मोजत होतो. धाकटीला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडताना माझा आकडा चुकला, तिचा चालूच होता. चढावर मी दोनदा बसलो. "चला गुरुजी, उशीर व्हतोय," ती म्हणाली आणि पुढचा आकडा मोजू लागली.

शाळेत पोहोचलो तेव्हा चौथीच्या पोरांनी प्रार्थना उरकली होती. मी हजेरीपट उघडला. माझ्याच नियमानं त्या दिवशी मी गैरहजर होतो.