आठ जणांच्या वर्गातली काकू

लासूर स्टेशनहून आम्ही निघालो तेव्हा टेम्पोत सामान कमी आणि माणसं जास्त होती. निरोप द्यायला आलेल्या गल्लीतल्या बाया मागची फळी लावेपर्यंत आतच बसून राहिल्या होत्या. अब्बा तेवढे उठले नाहीत. माझे वडील टेलर, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. मशीनवरचा पाय न थांबवता ते म्हणाले, "जा बेटा. पहुँचके फोन कर." टेम्पो वळेपर्यंत मशीनचा आवाज येत होता. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच जोडल्या, असं अम्मी पुढं किती तरी वर्षं हसून सांगायची.

माझ्या नवऱ्याला, सलीमला, वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. लासूरहून वाळूज म्हणजे काही परदेश नव्हे. पण गल्लीतल्या बायांनो, तुमच्यापैकी ज्या अशाच कुठं कुठं गेल्या त्यांना ठाऊक असेल, अंतर रस्त्यावर मोजत नसतात. लासूरला माझ्या चुलीवर काय शिजतंय ते चार घरांना कळायचं. वाळूजला शेजारची बाई कोण, हे मला पहिल्या रमजानपर्यंत माहीत नव्हतं. तिचा नवरा रात्रपाळीला, माझा दिवसपाळीला. दोन्ही घरांत कुणी ना कुणी झोपलेलं. आम्ही दोघी जिन्यात कुजबुजल्यासारख्या बोलायचो. असं हळू बोलण्यातच माझी बरीच वर्षं गेली. मुलगी शाळेत मोठी झाली, बसवरची औरंगाबादची पाटी जाऊन संभाजीनगरची आली, आणि मी दुपारच्या वेळी नुसती खिडकीशी उभी राहायला लागले.

सलीमच म्हणाला, "बारावी तो हो चुकी तेरी. आगे का देख ना कुछ."

मध्ये इतकी वर्षं गेली म्हटल्यावर एक-दोन कॉलेजांनी तोंड वाकडं केलं. हर्सूलच्या पलीकडं एक नवीन, छोटं खासगी विद्यापीठ निघालं होतं. त्यांचा समाजशास्त्राचा वर्ग भरत नव्हता. त्यांना विद्यार्थी पाहिजे होते आणि मला कुठं तरी जायचं होतं. त्यांनी मला घेतलं की मी त्यांना, ते आजही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळी पोरं उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅम," असं एकसुरात झालं. मी जाऊन मागच्या बाकावर बसले तेव्हा गंगापूरचा ओंकार नावाचा मुलगा अजून उभाच होता. "म्हणजे तुम्ही आमच्यात आहात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "व्हय." मग खऱ्या मॅडम आल्या. देवयानी मॅडम, नागपूरकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्या मला "रेहाना मॅडम" म्हणायच्या, मी त्यांना मॅडम म्हणायची, आणि बाकीचे सातजण मला काकू. माझी मुलगी या पोरांहून थोडीच लहान. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसावं की वेगळं, हे मला सहा महिने उमगलं नाही. बसले की ती गप्प व्हायची, वेगळी बसले की बोलवायला यायची.

भाषेचंही तसंच. घरात आमची दखनी, गल्लीत मराठी, आणि इथं फळ्यावर इंग्रजी. क्रेडिट, असाइनमेंट, प्रेझेंटेशन. पोरं म्हणायची, रस्त्यात हर्सूलचं एक जेल लागतं आणि पुढं हे दुसरं, आपलं. मी हसायची, पण मला ते जेल वाटत नव्हतं. मग काय वाटत होतं, तेही सांगता यायचं नाही.

मोठ्या कॉलेजात शिकलेला माझा मामेभाऊ सांगायचा की त्यांच्या वर्गात कोण आलं, कोण गेलं, याचा कुणाला पत्ताच नसे. आमच्या वर्गात एक जण नसला तरी ते उघडं पडायचं. त्यात देवयानी मॅडम शिकवायच्या कमी आणि विचारायच्या जास्त. कुटुंबाची व्याख्या पुस्तकात होती. ती न सांगता त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्या घरात कोण कोण आहे, ते सांगा." पूजा नावाच्या मुलीनं आई-वडील आणि भाऊ सांगितले. ओंकारनं बैलही सांगितला. माझी पाळी आली. सलीम आणि मुलगी म्हणाले आणि थांबले. अब्बांना आणि अम्मीला धरायचं की नाही? मॅडम वाट बघत राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, बरोबर उत्तर काय आहे?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. घर तुमचं आहे." त्या दिवशी बसमध्ये माझं डोकं दुखत होतं. शिकवायला बसलेल्या बाईलाच माहीत नसेल तर मी वाळूजहून दोन बस बदलून कशासाठी येते, असं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर तयार होऊन थांब्यावर उभी होते.

पोरांना मात्र धास्ती बसली होती. परीक्षा तोंडावर, वहीत काही नाही. त्यांनी डीनसाहेबांकडं जायचं ठरवलं आणि मला पुढं केलं. "काकू, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील ते."

डीनसाहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. मी म्हणाले, "पोरांना नोट्स पाहिजेत. मॅडम लिहून देत नाहीत. परीक्षेत काय लिहायचं ते आम्हाला कळत नाही." ते मान हलवत होते. मग मीच पुढं म्हणाले, "पण सर, मॅडमचा तास असला की मला घरी गेल्यावरही ते डोक्यात राहतं. बाकीच्या तासांचं नाही राहत." पूजानं माझ्याकडं बघितलं. डीनसाहेब म्हणाले, "म्हणजे तुमची तक्रार आहे की नाही?"

मी म्हटलं, "दोन्ही आहे, सर."

बाहेर आल्यावर ओंकार म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्याकडून होता का त्यांच्याकडून?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मलाही नाही.

पुढच्या आठवड्यापासून मॅडम नोट्स द्यायला लागल्या. सावकाश, नीट, स्वल्पविराम सांगून. पोरं खूश होती. माझी वही भरत होती आणि बसमध्ये खिडकीबाहेर बघत मी फक्त थांबे मोजत होते. शेवटी मी मॅडमना गाठलं. म्हटलं, "पहिल्यासारखं शिकवा ना."

त्या म्हणाल्या, "सगळ्यांना विचारलं मी, रेहानाताई. तुम्ही सोडून सगळ्यांना नोट्स पाहिजेत. चूक नाही त्यांची. त्यांना नोकऱ्या शोधायच्या आहेत." त्यांनी मला ताई म्हणण्याची ती पहिली वेळ. मग म्हणाल्या, "तास संपल्यावर मी कँटीनमागच्या कट्ट्यावर चहा पिते. या तुम्ही."

मी गेले. काही दिवस आम्ही दोघीच होतो. मग पूजा आली. मग ओंकार, कारण त्याची बस उशिरा होती. तिथं व्याख्या नव्हत्या. लग्न, जात, शिफ्ट, कोण कुणाकडं पाणी पितं, सगळं निघायचं. लासूरच्या गल्लीत बोलायचे तशी मी तिथं मोठ्यानं बोलायला लागले.

तिसऱ्या वर्षी अम्मी गेली. लासूरच्या घरात अब्बा एकटे उरले. त्याच सुमारास सलीमला लासूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळत होतं. "चलें क्या वापस?" त्यानं विचारलं. माझं शेवटचं वर्ष अर्धं झालं होतं. कट्ट्यावर मी ते सांगितलं. पूजा म्हणाली, "काकू, आता सोडू नका." ओंकार म्हणाला, "वडील एकटे आहेत. जायला पाहिजे." मॅडमनी आणखी एक चहा सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की कुणी तरी व्याख्या लिहून द्यावी, मी पाठ करून टाकीन.

मी काही ठरवायच्या आत अब्बाच आले. एक पिशवी, एक कात्री. दारात म्हणाले, "थोडे दिन रहूँगा."

वाळूजच्या दोन खोल्यांत त्यांना काही सुचायचं नाही. इथं कुणी कपडे शिवून घेत नाही, तयार आणतात. ते जिन्यात जाऊन बसायचे आणि कामावरून येणाऱ्या पोरांच्या शर्टांच्या कॉलरी बघायचे. मी आले की विचारायचे, "आज क्या पढ़ाया?" मी सांगायची. ते म्हणायचे, "गलत पढ़ाया." मग आमचं चालू व्हायचं, भाकरी करपेपर्यंत. अम्मी असताना अब्बा माझ्याशी एवढं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. अम्मी गेली म्हणून बोलायला लागले की मी शिकायला लागले म्हणून, कोण सांगणार?

आमच्या मागून त्या विषयाला नवीन प्रवेश झालेच नव्हते. आम्ही शेवटचे आठ. आमचं वर्ष संपलं आणि मॅडम नागपूरला परत गेल्या. पूजा पुण्याला, ओंकार वाळूजलाच एका कंपनीच्या ऑफिसात. मी तिथलीच एमएची मुलाखत दिली होती, पण आता तो वर्गच भरणार नव्हता, म्हणून शहरातल्या मोठ्या कॉलेजात नाव घातलं. तिथं मी आले-गेलेलं कुणाला कळत नाही. मोकळं वाटतं आणि वाईटही वाटतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी अब्बांना घेऊन लासूरला गेले. त्यांनी दार उघडलं, मशीनवरची चादर झटकली, तेल घातलं, रिकामीच चालवून बघितली. मला वाटलं, आता हे राहतो म्हणतील. मी विचारायचं टाळत भिंती झाडत राहिले. चार वाजता ते उठले आणि म्हणाले, "चल. सुबह तेरा कॉलेज है." गाडीची वेळ त्यांनी आधीच विचारून ठेवली होती.

कुलूप लावताना समोरच्या गयाबाई ओट्यावर आल्या. "कुठं निघाले चाचा, एवढ्यात?"

"घरी," अब्बा मराठीत म्हणाले.

मग ते थबकले. एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, जणू ते दुसरंच कुणी बोललं होतं. मी काही दुरुस्त केलं नाही. आम्ही दोघं स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो.