पानं पुरी पाहिजेत

पुस्तक हातात आलं की सिस्टर ते मागून उघडायच्या. शेवटच्या पानावरचा आकडा बघायच्या आणि मग अंगठ्याने एकेक पान सोडत पहिल्या पानापर्यंत यायच्या. ऑपरेशन संपल्यावर आत काही राहिलं नाही ना म्हणून नर्स गॉजचे तुकडे मोजते, तशा. मधलं एखादं पान नसलं की पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणायच्या, "फाटकं चालेल, भाऊ. पानं पुरी पाहिजेत."

कल्याण पश्चिमेला माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. एका कोपऱ्यात अभ्यासाची जुनी पुस्तकंही ठेवतो. तुमच्यापैकी जे कोणी काउंटरच्या आतल्या बाजूला बसले असतील त्यांना ठाऊक असेल, माणसाचं काय चाललंय ते त्याच्या घरच्यांच्या आधी आपल्याला कळतं. कागद आपल्याकडे येतो ना.

सिस्टरांचा कागद आला तो प्रवेशाच्या फॉर्मचा. शहाडच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये त्या वीसेक वर्षं नोकरीला होत्या. राहायला टिटवाळ्याला, म्हाताऱ्या आईसोबत. नर्सिंगचा डिप्लोमा कधीच झालेला. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात डिग्रीसाठी नाव घातलं. अभ्यास घरून आणि रविवारी ठाण्याच्या केंद्रात तास.

मी विचारलं, "आता या वयात कशाला, सिस्टर?"

"पाठ गेली, भाऊ. पेशंट उचलून उचलून. अजून दोन-तीन वर्षं ओढेन. डिग्री असली की नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला घेतात. तिथे उभं राहून बोलायचं फक्त, कोणाला उचलायचं नाही."

विद्यापीठाच्या पुस्तिका पोस्टाने यायच्या होत्या. निम्म्या आल्या, त्याही परीक्षा तोंडावर आल्यावर. बाकीच्या वेबसाइटवर आहेत म्हणाले. सिस्टरांच्या मोबाइलच्या काचेला मधोमध तडा होता, त्यामुळे प्रत्येक ओळ त्यांना दोन तुकड्यांत वाचावी लागायची. नवी पुस्तकं म्हणाल तर दुकानदाराने किंमत सांगितली की त्या "बरं" म्हणायच्या आणि बाहेर पडायच्या. मग जुन्याचा शोध. ठाण्याच्या फुटपाथवर, पास होऊन गेलेल्या मुलींच्या घरी, माझ्या कोपऱ्यात.

कळव्याला एक रिटायर्ड मेट्रन राहायच्या. त्यांच्याकडे सगळ्या विषयांची पुस्तकं होती, पण बाई एका वेळी एकच द्यायच्या. नवऱ्याच्या पायाला मधुमेहाची जखम होती. सिस्टरांनी सुट्टीच्या दिवशी येऊन ड्रेसिंग करायचं, मग पुढचं पुस्तक. मी म्हणालो, ही तर अडवणूक झाली. सिस्टर हसल्या. "ड्रेसिंग मी कोणाचंही करते. निदान इथे बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक तरी मिळतं." जखम भरत आली तेव्हा त्यांना काळजी पडली, की अजून तीन पुस्तकं बाकी आहेत. हे सांगताना स्वतःलाच एवढं हसू आलं की पाठ धरून त्या स्टुलावर बसल्या.

पुस्तकं सगळी इंग्रजीत. सिस्टरांचं शिक्षण साताऱ्याकडच्या मराठी शाळेत झालेलं. म्हणून त्यांनी वह्या केल्या. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत अर्थ आणि खाली त्यांचं स्वतःचं उदाहरण. हृदयाच्या धड्यात लिहिलं होतं, "बिल्डिंगची पाण्याची मोटर आठव. व्हॉल्व्ह गेला की वर चढवलेलं पाणी परत खाली येतं." मी कॉमर्सचा माणूस, पण त्या पानाची झेरॉक्स काढताना मला हृदय कळलं. समासात मधेमधे घरची कामं असायची. 'आईच्या बीपीच्या गोळ्या.' 'गॅस नोंदवणे.'

दुसऱ्या वर्षी त्यांनी त्या सहा वह्या माझ्याकडे ठेवल्या. "कोणी नर्सिंगवाली आली तर काढून द्या, भाऊ. कागदापुरते घ्या. मला हे शोधायला दोन वर्षं लागली, त्यांची नकोत जायला."

मुली यायला लागल्या. टिटवाळा, अंबरनाथ, मुंब्रा, कुठून कुठून. 'सिस्टरच्या नोट्स' एवढं म्हटलं की मी गठ्ठा काढायचो. कधी सिस्टर तिथेच असल्या तर काउंटरला टेकून एखादीला पाच मिनिटांत किडनी समजावून सांगायच्या. मुलगी मान डोलावत गेली की माझ्याकडे बघून विचारायच्या, "कळलं असेल ना तिला?" शिकवण्यासाठी ज्या डिग्रीची त्या वाट बघत होत्या, तिची या मुलींनी कधी चौकशी केली नाही.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय सिस्टरांचं पुढचं सांगता येणार नाही.

एका दुपारी ठाण्याचे एक सर आले. नर्सिंगच्या परीक्षांचे क्लास चालवायचे आणि सिस्टरांच्याच केंद्रात रविवारी तास घ्यायचे. त्यांनी सहाही वह्यांची एकेक स्वच्छ प्रत मागितली. मी दिली. मुलींसाठी नेत असतील, असं मनाला सांगितलं. महिन्याभराने ते टाइप केलेली पानं घेऊन आले. वर चकचकीत कव्हर, कव्हरवर सरांचं नाव आणि टाय लावलेला फोटो. प्रती काढून बाइंडिंग करून द्यायच्या होत्या, दर सत्राला काही शे. लॉकडाउनपासून माझं दुकान नुसतं तग धरून होतं. मी पानं चाळली. हृदयाच्या धड्यात बिल्डिंगची मोटर होती. टाइप करणाऱ्याने समोर दिसेल ते उतरवलं होतं, त्यामुळे एका धड्याच्या शेवटी 'गॅस नोंदवणे' असंही छापलेलं होतं. ते वाचून मला हसू आलं. हसलो, आणि काम घेतलं.

सिस्टरांच्या सहा वह्या मी काउंटरखालून काढून माळ्यावर टाकल्या. मुली आल्या की सांगायचो, वह्या सिस्टर घेऊन गेल्या. गाइड आहे, देऊ?

पाच-सहा महिने गेले. मग सिस्टर आल्या, हातात ते गाइड. नर्सिंग होमला नवीन लागलेल्या एका मुलीने कौतुकाने दाखवलं होतं.

"हे कोण छापतं, भाऊ?"

"ठाण्याला कुठेतरी होत असेल," मी म्हणालो.

त्यांनी गाइड उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पानाच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं. माझ्या मशिनच्या काचेला एक ओरखडा आहे. जे पान काढाल त्यावर डावीकडे केसासारखी काळी रेघ येते. बोट त्या रेघेवर होतं.

मला वाटलं होतं आता रडतील, पोलिसात जाते म्हणतील. तसं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. सिस्टरांनी बत्तिसावं पान काढलं.

"हे चुकलंय. माझंच चुकलंय. लहान मुलांच्या सलाइनचं गणित आहे. मुलांचा सेट वेगळा असतो, त्यात एका मिलिलिटरचे साठ थेंब पडतात. मी मोठ्यांचे वीस धरले. मेट्रनबाईंच्या पुस्तकात ते पान नव्हतं, मी आठवणीने लिहिलं. याच्याप्रमाणे लावलं तर बाळाला पाहिजे त्याच्या तिसरा हिस्सा सलाइन जाईल. जुलाबाचं बाळ असलं तर?"

"परीक्षेपुरतंच वाचतात हो मुली," मी म्हणालो.

"वॉर्डात पण हेच आठवतं, भाऊ. मला माहितीये."

त्यांनी तिथेच कागदावर दुरुस्ती लिहिली आणि प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी घालायला सांगितलं. त्या गेल्यावर मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "चूक तिची आहे ना? मग माझ्या पुस्तकाला कशाला ठिगळ? परीक्षा जवळ आलीये, उगाच मुलं बिचकतील. तुम्ही बाइंडिंगचं बघा."

मी बाइंडिंगचं बघितलं.

पुढच्या आठवड्यात सिस्टर परत आल्या. चिठ्ठ्या घातल्या का, असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "त्या चिठ्ठीच्या प्रती काढून द्या. मीच वाटते." मी पैसे घेतले नाहीत. नोटा काउंटरवर ठेवून त्या निघून गेल्या.

लागोपाठ दोन रविवार त्या ठाण्याच्या केंद्राच्या फाटकाशी उभ्या होत्या, असं मला मुलींकडून कळलं. ज्या मुलीच्या हातात गाइड दिसेल तिला थांबवायच्या, बत्तिसावं पान काढायला लावायच्या आणि चिठ्ठी चिकटवून द्यायच्या. गोंदाची बाटली पर्समध्येच होती. कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणायच्या, "मीही विद्यार्थीच आहे." नोट्स माझ्या आहेत, हे त्यांनी एकाही मुलीला सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी केंद्रप्रमुखांनी आत बोलावलं. सरांनी तक्रार केली होती, की ही बाई माझी बदनामी करते आणि आवारात स्वतःच्या नोट्स विकते. माफीपत्र द्या म्हणाले. सिस्टरांनी दिलं. पण त्यात खाली लिहिलं, 'बत्तिसाव्या पानावरची चूक मात्र खरी आहे.' ते वाक्य खोडा म्हणाले. सिस्टरांनी खोडलं नाही.

त्यांच्या प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात होते. हाताला शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्यांना वीस वर्षं सुई लावणारी बाई प्रात्यक्षिकात नापास झाली. पुन्हा बसायचं तर एक वर्ष जाणार, आणि डिग्री पुरी करायची विद्यापीठाची मुदत त्याआधीच संपत होती. हे सांगायला त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या. वह्या न्यायला आल्या होत्या. मी माळ्यावर चढलो. चार वह्या सापडल्या. दोन कुठे गेल्या ते मला आजही माहीत नाही, बहुतेक रद्दीत गेल्या असतील. चार वह्या त्यांनी हातात घेतल्या, चाळल्या नाहीत.

"सिस्टर, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं काय, भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही छापता."

एवढंच. रागावून म्हणाल्या असत्या तरी बरं होतं.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी काम सोडलं का, असं तुम्ही विचाराल. नाही सोडलं. पुढच्या सत्राच्या प्रतीही माझ्याच मशिनवर निघाल्या. त्याच्या पुढच्या सत्राला सर नवी आवृत्ती घेऊन आले. मी आधी बत्तिसावं पान काढलं. गणित दुरुस्त केलेलं होतं, आणि खाली चौकटीत सिस्टरांच्या चिठ्ठीतला मजकूर जसाच्या तसा छापला होता. चौकटीवर लिहिलं होतं, 'सरांची खास सूचना'.

ती आवृत्ती बांधून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक प्रत पिशवीत घातली आणि टिटवाळ्याला गेलो. चूक दुरुस्त झाली, आता कोणत्याच बाळाला त्रास नाही, एवढं तरी सांगावं. फोन लावून बघितला होता, नंबर बंद होता. प्रवेशाच्या फॉर्मची एक प्रत दुकानात राहिली होती, त्यावर पत्ता होता. नव्या बिल्डिंगांच्या मागे एक बैठी चाळ, तिसरी खोली. दाराला कुलूप. शेजारचं दार वाजवलं, तर एक बाई तांदूळ निवडता निवडता सूप घेऊनच बाहेर आली.

"सिस्टर ना? त्या गेल्या सोडून. आई गेली त्यांची, त्यानंतर महिनाभरात. पाठीचं पण काढलं होतं डॉक्टरने काहीतरी."

"कुठे गेल्या?"

"ते नाही सांगता यायचं. नंबर आहे माझ्याकडे नवीन. तुम्ही कोण त्यांचे?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुकानाचं नाव सांगावं का, असा विचार केला. ओळखीचा आहे, असं म्हणायलाही जीभ रेटेना.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग नंबर कसा देणार?" ती बाई म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.