‘स्नॅपशॉट काढला का?’

सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी.

आज दुपारी आमच्या बिडकीनच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीमचा अपडेट टाकायचा होता. मी क्रांती चौकातल्या ऑफिसात होते, कारखान्यात आमचे जुने तंत्रज्ञ शिंदेकाका. तीनच्या पाळीपर्यंत सर्व्हर सुरू झाला नाही, तर मालाची एकही गाडी गेटबाहेर पडणार नव्हती.

अपडेटआधी सर्व्हरची जशीच्या तशी प्रत घेतात, तो स्नॅपशॉट. बिघडलं तर तिथं परत जाता येतं. मी फोनवर विचारलं, “काका, स्नॅपशॉट काढला का?”

“व्हय मॅडम, काढला की.”

मी अपडेट सुरू केला. सर्व्हर रीस्टार्टला गेला आणि परत सुरूच झाला नाही.

“काका, स्नॅपशॉटवर परत जा.”

“कुठल्या? जुना एकच होता, लई जागा खात होता. काढला म्हणलं ना!”

त्यांनी तो पुसून टाकला होता.

मी आवाज चढवला नाही. रिकव्हरी मोडमधून अपडेट अनइन्स्टॉल करायला सांगितलं. बराच वेळ पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. तीनला सात मिनिटं कमी असताना लॉगिन दिसलं.

“आलं बघा! उगंच घाबरता तुम्ही.”

आता परत जायला स्नॅपशॉट का नव्हता, ते साहेबांना कळवायचंय. काका खोटं बोलले नाहीत. स्नॅपशॉटची यादी स्वतः उघडून बघायचं काम माझं होतं. मेलमध्ये चूक माझ्या नावावर लिहिली आहे, पण अजून पाठवलेला नाही. तुम्ही पाठवला असता?