मामांच्या रेडिओचा दोरा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी डबे भरत होते. मामी एवढंच म्हणाली, "अक्का, ये. झालं समदं." चाकूरच्या बसमध्ये बसल्यावर सवयीने यादी काढली... कुणाला कळवायचं, पाहुणे कुठे उतरवायचे, जेवणाचं कुणाकडे. हाताला काम असलं की मला रडू येत नाही.

महिन्याभरापूर्वीच त्यांना भेटून आले होते. रेडिओचा दोरा तुटला होता. रेडिओ जुना, लाकडी पेटीचा, त्यावर रोज परभणी आकाशवाणी लागायची. बटण फिरवलं की आतला दोरा एक मोठं चाक फिरवतो आणि त्याच दोऱ्यावर अडकवलेली सुई काचेमागून सरकते. दोरा तुटला की बटण नुसतं फिरतं. मामांची बोटं आता थरथरत होती. दोनदा दोरा ओवला, दोनदा निसटला. मग त्यांनी पाठीमागचं झाकण लावलं आणि मला म्हणाले, "च्या घे."

माझ्या लहानपणी हाच दोरा त्यांनी कितीदा बसवला असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चाकूरला गेले की चाक धरायचं काम माझं. "धर माय, सोडू नको. सुटलं की पुन्हा पहिल्यापासून." बाजारातला दोरा त्यांना चालत नसे, तो ताणून सैल पडतो म्हणायचे. ते दाराआड जाऊन कंबरेचा करदोडा सोडून आणायचे, त्याचा पीळ उसवून एक पदर काढायचे आणि घसरू नये म्हणून त्याला राळ चोळायचे. मामी चुलीपाशी बसून ऐकवायची, "रेडिओपायी कंबर उघडी करून राहिले हे." मामा मान वर न करता म्हणायचे, "कंबर माझी हाय. परभणी समद्या घराची हाय."

पुढे नोकरीला लागल्यावर मी त्यांना म्हणाले होते, दोरा कुठून कुठे जातो ते एकदा कागदावर काढून द्या. माझ्या घरात गॅसच्या नळीचीही तारीख लिहिलेली असते. मामा हसले. "कागद कशाला? मी हाय की."

मामांचे दिवस चालू असताना मामी पहाटे उठून रेडिओ लावायची. सुई जिथे अडकली होती तिथे नुसती खरखर. थोडा वेळ ती तीच ऐकत बसायची आणि बंद करायची. मामेभाऊ सुधाकर लातूरला असतो. तो म्हणाला, "आई, मोबाईलवर लावून देतो की. हा डबा मी घेऊन जातो, जुन्या वस्तू घेणारा एकजण हाय."

"मोबाईलमधलं परभणी माझ्या वळखीचं न्हाई," मामी म्हणाली. पण रेडिओ नेऊ नको, असंही म्हणाली नाही.

तेराव्याला घरातल्या पुरुषांनी नवे करदोडे बांधायचे होते. ते आणणं माझ्याकडे होतं. दुकानात उभी राहून मी नावं घेतली आणि तेवढे मोजून घेतले. घरी वाटून झाल्यावर एक उरला.

सुधाकर म्हणाला, "अक्का, तुझा हिशोब चुकला? आज पाऊस पडणार बघ."

मी मनात नावं पुन्हा घेतली. पहिलं मामांचंच घेतलं होतं... सवयीने. मामीला ते सांगावं लागलं नाही. मामीने तो करदोडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"बसव."

"मामी, मी नुसतं चाक धरायचे. ओवायचे ते मामा."

"मग आता चाक मी धरते."

मी करदोड्याचा पीळ उसवून एक पदर काढला, त्याला राळ चोळली. पहिल्यांदा दोरा चाकावरून उतरला. दुसऱ्यांदा सुई उलटीच पळू लागली. सुधाकर दारात उभा होता. मला रस्ता आठवत नव्हता, पण त्यांचं कोपर आठवलं. शेवटच्या वळशाला ते माझ्या डाव्या कानाला लागायचं आणि मी ओरडायचे. म्हणजे दोरा त्या बाजूने मागे जात असणार. तसा नेला, दोरा ताणून धरणारी स्प्रिंग अडकवली, मामीने चाक सोडलं. बटण फिरवलं तशी सुई हलली, खरखर विरळ झाली आणि कापसाचे भाव सांगणारा आवाज खोलीभर झाला.

सुई परभणीच्या खुणेच्या जरा अलीकडेच थांबली होती. ती सरकवायला मी हात आत घातला.

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाली. "त्यायच्या हातची बी तिथंच थांबायची."

सुधाकर रिकाम्या हाताने लातूरला गेला. मामीचा फोन आता सकाळी येतो तेव्हा मागे परभणी चालू असतं. हा दोराही कधीतरी तुटेल. पुढच्या वेळी घरासाठी करदोडे घ्यायला गेले की नावं मी तशीच घेणार आहे, मामांपासून.