राउटरला लावलेलं चंदन

आयुधपूजेला आमच्या तंजावुरात अवजारांना गंध लावतात. त्या दिवशी राउटरचा लाल दिवा पेटला आणि नेट गेलं. गल्लीतली झाडं तोडण्याविरुद्धची आमची हरकत संध्याकाळच्या आत ऑनलाइन जायला हवी होती.

कंपनीचा माणूस फोनवर तेच घोकत होता, "बंद करून चालू करा."

"केलं. माणूस पाठवा."

"आज पूजा, अक्का. कुणी अवजाराला हात लावत नाही."

कुऱ्हाडवाले तेवढे हात लावणार, बाकी देश सुट्टीवर. शेवटी मीच तार उपसली. आईनं टोकालाही चंदन फासलं होतं. पुसलं, दिवा हिरवा झाला, हरकत गेली.

आई भडकली, "देवीचं गंध पुसलंस?"

"पुसलं. देवीची तक्रार असेल तर तिनंही ऑनलाइन करावी. नेट आता चालू आहे."